मगदूमांचा वड

“नाव सांगा, बुवा. कोण होता तो?”

बुवांनी मान वर केली नाही. विहिरीच्या कठड्याला टेकून ते कात्रीला तेल लावत बसले होते.

“मी काहीतरी विचारतोय.”

“ऐकू येतंय मला,” बुवा म्हणाले. “भैरा न्हाई झालो अजून.”

शीतल मगदूम भर उन्हात उभा होता. नाव शीतल, पण माणूस सदा तापलेला. कोल्हापूरजवळ त्याची फौंड्री आहे आणि भट्टीपाशी उभं राहून तो असा झाला, असं त्याचे कामगार म्हणतात. मला विचाराल तर तो जन्मतःच तसा असावा. आम्ही दोघे एकाच गुरूकडे शिकलो, त्यामुळे एवढं म्हणायचा मला हक्क आहे.

शिकलो म्हणजे वामनवृक्ष करायला शिकलो.

आमचे बुवा म्हणजे दयाळगिरी गोसावी. पन्हाळ्याच्या पायथ्याला त्यांचा लहानसा मठ आहे. मठाच्या दगडी शिखराला भेगा आहेत. त्या भेगांत दरवर्षी वडा-पिंपळाची रोपं रुजतात आणि वेळेवर काढली नाहीत तर शिखरच फोडतात. बुवांच्या गुरूंना ती रोपं काढून फेकून देववेना. म्हणून ते ती फुटक्या माठांत, जुन्या परातींत लावत. मुळं छाटत, फांद्या आवरत, आणि वड हातभर उंचीत म्हातारा करत. शहरातल्या लोकांनी त्याला बोन्साय म्हणून प्रदर्शनं भरवायला सुरुवात केली ती पुष्कळ नंतर.

त्यातला सगळ्यात जुना वड बुवांनी मगदूमला दिला.

का दिला, हे मला आजही कळलेलं नाही. मी मागितला नव्हता, पण मनात धरून होतो. मला त्याच भेगेतून निघालेला दुसरा वड मिळाला, वयाने लहान, अंगाने किरकोळ. मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो. बंगला नाही, अंगण नाही. म्हणून माझा वड मी मठातच ठेवला आणि दर रविवारी येऊन त्याची निगा राखत राहिलो. वळण देताना डोळ्यांपुढे तो थोरला वडच असायचा. दुसरं चांगलं झाड मी पाहिलेलंच नव्हतं.

मगदूमने थोरल्या वडाचं काय केलं ते अख्ख्या कोल्हापूरने पाहिलं.

मठात तो वड अंगणाच्या मधोमध असे आणि बुवा त्याला रोज थोडा थोडा फिरवत, म्हणजे सगळ्या अंगाला ऊन लागेल. मगदूमने त्याला दिवाणखान्यात काळ्या भिंतीपुढे बसवला आणि वरून दिवा सोडला. एक बाजू लोकांकडे, दुसरी कायमची भिंतीकडे. भिंतीकडच्या बाजूला खोडात एक मोठी ढोली होती. ती त्याला आवडत नसे. पाहुण्यांना खोट दिसायला नको, म्हणायचा. पुढे त्याच बाजूचा फोटो फौंड्रीच्या कॅलेंडरवर आला आणि आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा वर्षभर टांगलेला होता. मी त्या कॅलेंडरकडे पाठ करून बसायचो.

मग त्याने आणखी झाडं विकत घेतली. आणखी दिवे लावले.

आणि दिवाळीनंतर एका पहाटे चोरी झाली. चांगली चांगली झाडं गेली. विकत घेतलेली होती, ती पुन्हा विकत मिळतील. पण त्यांच्याबरोबर वडही गेला. मगदूमने पोलिसांना सळो की पळो करून सोडलं, वर्तमानपत्रात फोटो दिला, माळ्याला हाकलला, ड्रायव्हरला हाकलला, सख्ख्या मेहुण्यावर संशय घेतला. वड मिळाला नाही.

आता शिमगा जवळ आला होता. कोणीतरी त्याच्या कानावर घातलं की संक्रांतीच्या सुमारास एक माणूस ओल्या पोत्यात काहीतरी गुंडाळून मठाकडे जाताना दिसला होता.

म्हणून तो आला होता. चपलासुद्धा न काढता थेट अंगणात.

“आला होता की नाही, तेवढं सांगा.”

“आला हुता.”

बुवांनी हे अगदी सहज सांगितलं. मगदूम चमकला. त्याने खुर्ची ओढली. खुर्चीच्या वाटेत फुटक्या माठाचं एक बूड होतं, त्यात एक उघडं खोड उभं होतं. पान एक नाही, फांद्या बोडक्या, आणि समोरच खोडाला ही एवढी ढोली. त्याने ते बूड पायाने बाजूला सरकवलं आणि तिथे खुर्ची टाकली.

ते त्याचंच झाड होतं.

मी हातातली पक्कड घट्ट धरून गप्प राहिलो. ते झाड मठात आल्यावर पहिल्याच रविवारी मी ओळखलं होतं. शिकत होतो तेव्हा मी ते चारी बाजूंनी कागदावर उतरवलं आहे, त्या ढोलीसकट. पण बुवांनी मला त्याच दिवशी बजावलं होतं की याबद्दल कुठे बोलायचं नाही आणि झाडाला हातही लावायचा नाही. पाणीसुद्धा ते स्वतःच घालत. मला ते लागलं होतं. पण बुवांपुढे बोलणार कोण?

“मी असतो तर त्याचे हातपाय मोडले असते,” मगदूम म्हणाला.

“मी दोन थोबाडीत दिल्या.”

मगदूमचा चेहरा जरा सैल झाला. “मग?”

“मग च्या दिला.”

“चहा? चोराला?”

“लांबनं चालत आला हुता.”

मगदूम उठून उभा राहिला. मग पुढे बराच वेळ तो एकटाच बोलत होता. चोराला पाठीशी घालणारा चोराहून वाईट. मठाला दरवर्षी जो सिमेंटचा ट्रक येतो तो कोणाकडून येतो. मठाबद्दल लोक काय म्हणतील. पोलीस इन्स्पेक्टर त्याच्या रोजच्या बैठकीतला आहे. बुवा कात्रीचं पातं फडक्याने पुसत होते. माझंच डोकं भणभणायला लागलं. सिमेंटच्या ट्रकचं सोडा, ज्या माणसाने हाताला धरून तुला तार बांधायला शिकवली त्याच्यापुढे तू इन्स्पेक्टरचं नाव घेतोस?

 पण मी माझ्या वडाला वळण द्यायला बांधलेली तार सोडवत राहिलो. फांदी जून झाली की तार वेळेवर सोडवावी लागते, नाहीतर सालीत रुतते आणि व्रण जन्मभर राहतो.

“तो आला कशाला इथे?” मगदूमने दमून विचारलं.

“झाड का सुकतंय, ते इचारायला.”

“कोण? चोर?”

“चोरच. दुसरं कोन यील? तू तर कदी आला न्हाईस.”

मगदूमच्या मानेवरची शीर फुगली. “सुकत होतं? म्हणजे त्याने मारलं माझं झाड.”

“मुळं कुजली हुती. एवढी कुजायला वरीस लागतं. त्येच्याकडं ते तीन म्हैनंबी नव्हतं.”

“माझ्याकडे पाणी मशीनने पडतं, बुवा. ठरल्या वेळेला. एक थेंब इकडेतिकडे होत नाही.”

“व्हय. तहान नसली तरी पडतं.”

मला हसू आलं आणि मगदूमने ते पाहिलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की शाळेतला शिपाई असतो तर मी पाणी आणायला उठलो असतो. मी नजर वळवली नाही. माझाही संताप झालेला होता.

मग त्याने नवीन बंदोबस्ताचं सांगायला घेतलं. बुवांनी विचारलं नव्हतं, पण त्याला सांगायचंच होतं. बंगल्याखाली तळघर काढलंय. भिंती सिमेंटच्या, दार लोखंडी, आत पुन्हा जाळीचा पिंजरा. कॅमेरे चारी कोपऱ्यांत. बाहेर दोन कुत्रे, तेही साधे नाहीत, पोलिसांकडच्या माणसाने शिकवलेले. आणि कुलूप असं की ते फक्त त्याच्या अंगठ्याने उघडतं. त्याच्या बायकोलाही आत जाता येत नाही.

हे सांगताना त्याचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला. त्याने आपला अंगठा वर करून बुवांना दाखवला.

“ऊन?” बुवांनी विचारलं.

“दिवे आहेत. इंपोर्टेड.”

“वारा?”

“पंखा.”

“आन् तू मेलास म्हंजे?”

मगदूमने अंगठा खाली घेतला.

बुवा कात्री बाजूला ठेवून उठले. त्यांचे गुडघे वाजतात, उठायला वेळ लागतो. मगदूमच्या पुढ्यात जाऊन ते उभे राहिले. मी इतकी वर्षं बुवांना पाहतोय. ते शिव्या देतात, हाकलून लावतात, एकदा त्यांनी एका आमदाराच्या हातातली करवत हिसकावून घेतली होती. पण विनवणी करताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

“शीतल,” ते म्हणाले, “झाड हितंच हाय. कुजलेली मुळं काढल्यात. आता नवीन मूळ फुटायच्या बेताला आलंय. पाऊस लागूपर्यंत हितं राहू दे. मग मी सोता डोक्यावरनं आणून देतो तुझ्या बंगल्यात.”

“इथे आहे?”

“हाय म्हणतोय न्हवं.”

“इतका वेळ मी इथे बोंबलतोय आणि झाड इथे आहे?”

“आता हलवलंस तर जगायचं न्हाई ते.”

“झाड माझं आहे, बुवा.”

“तुजंच हाय. न्हाई कोन म्हणतंय?”

“मग मी नेणार.”

“मरंल.”

“मेलं तर मेलं,” मगदूम म्हणाला. “पण माझ्या घरात मरेल.”

शिखरावर पारवे घुमत होते. वाटलं, उठावं आणि या माणसाची कॉलर धरावी. त्या वडाची निगा राखत आमच्या बुवांचे गुरू म्हातारे झाले, बुवा म्हातारे झाले. आणि हा म्हणतो, मेलं तर मेलं.

बुवा मात्र रागावले नाहीत. निदान दिसलं तरी नाही. त्यांनी मगदूमकडे नीट पाहून घेतलं, बाजारात भाजी नीट बघून घ्यावी तसं. मग ते दोन पावलं मागे सरले आणि हात पसरून सगळं अंगण दाखवलं.

“ने मग,” ते म्हणाले. “ह्यात हाय. वळख आन् ने.”

मगदूम शोधायला निघाला.

मठाच्या अंगणात झाडं ओळीने नसतात. कुठे दगडावर, कुठे ओट्यावर, कुठे नुसती जमिनीवर, ज्याला जसं ऊन लागतं तशी. तो त्यांच्यामधून तरातरा चालत गेला. बोडक्या खोडावरून त्याची नजर एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली, आणि थांबली नाही. त्याच्या मनात जे झाड होतं ते भरलेलं, हिरवंगार, वरून दिवा सोडलेलं होतं. ढोलीकडची बाजू त्याने कधी धड पाहिलीच नव्हती. ती भिंतीकडे होती.

मला त्याची कीव यावी, पण आली नाही. मी मजा बघत होतो. शोध म्हटलं, बेट्या, शोध.

मग तो माझ्यासमोर येऊन थांबला.

खिशातून मोबाइल काढून त्याने कॅलेंडरचा फोटो लावला. मोबाइल माझ्या वडाशेजारी धरला. एकदा फोटोकडे, एकदा झाडाकडे बघितलं.

“हे.”

“हे माझं आहे, मगदूमसाहेब,” मी म्हणालो.

तो हसला. “डावीकडचा बाक बघा. खालची फांदी बघा. तेच आहे.”

“एकाच भेगेतली झाडं आहेत. तुमचं थोरलं, माझं धाकटं. तुमचं याच्या दीडपट आहे.”

“कापलंय ना त्याने. मुळं कापली की झाड रोडावतंच.”

“कुंडी बघा. ही कुंडी माझी आहे, कुंभारवाड्यातून मी स्वतः…”

“कुंडी बदलायला काय लागतं?”

प्रत्येक गोष्टीचं त्याच्याकडे उत्तर होतं. पारंब्या कमी आहेत, तर चोराने तोडल्या. साल वेगळी दिसते, तर हाल केलेत झाडाचे. जे जुळत नव्हतं तो सगळा चोराचा गुन्हा आणि जे जुळत होतं तो त्याचा पुरावा. असल्या माणसाशी वाद कसा घालायचा? मी बुवांकडे बघितलं. बुवा मगदूमकडेच बघत होते.

मग मगदूमचं लक्ष माझ्या हातातल्या पक्कडीकडे गेलं. मांडीवर सोडवलेल्या तारेच्या वळ्या पडल्या होत्या. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“मास्तर,” तो म्हणाला, “तुम्ही याची तार का काढताय?”

“दर वर्षी काढतो.”

“माझ्या झाडाची ओळख पुसताय तुम्ही.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?”

“तू होतास,” तो म्हणाला. ‘तुम्ही’चा ‘तू’ झाला तो तिथे. “पोतं घेऊन आलेला तू होतास. पहिल्यापासून तुझा डोळा होता वडावर. मला दिसत नव्हतं का? कॅलेंडर छापलं तेव्हा एक शब्द बोलला नाहीस. म्हणून बुवा नाव सांगत नाहीत. स्वतःचा शिष्य आहे ना.”

अंगाची लाही लाही होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पंचवीस वर्षं पोरांना वर्तुळ काढायला शिकवतोय. कोणाच्या पेन्सिलीलाही हात लावलेला नाही.

“बुवा, सांगा त्याला,” मी ओरडलो.

बुवांनी मगदूमलाच विचारलं, “तुजी खात्री हाय? ह्येच?”

“शंभर टक्के.”

“पुन्ना बघून घे.”

“बघायचं काय त्यात? रोज बघत होतो.”

“बरं. ने.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मगदूमने कुंडीला हात घातला तेव्हा मी दुसऱ्या बाजूने धरली. तो ओढत होता, मी ओढत होतो. दोन म्हातारपणाकडे झुकलेली माणसं, गोसाव्याच्या अंगणात, हातभर झाडासाठी. तो दात खाऊन ओढत होता. कुंडी तिरकी झाली, माती सांडली, झाड एका अंगाला कललं आणि माझी खालची पारंबी त्याच्या मनगटावरच्या घड्याळात अडकली. ती पारंबी मातीला टेकवायला मला सहा पावसाळे लागले होते.

कट्‌ असा आवाज झाला.

मी हात सोडले.

आणखी ओढलं असतं तर खोडच फाकलं असतं. मला दिसत होतं. त्याला दिसत नव्हतं. त्याने झाड छातीशी धरलं आणि धापा टाकत माझ्याकडे बघितलं. मी हात सोडले म्हणजे मी गुन्हा कबूल केला, असा त्याने अर्थ लावला.

“बुवांकडे बघून पोलिसांत देत नाही तुला,” तो म्हणाला. “पण पुन्हा माझ्या समोर येऊ नकोस.”

मोटारीच्या मागच्या सीटवर त्याने कुंडी ठेवली आणि तिला पट्टा बांधला. अंगठ्याने काचेवरची धूळ पुसली, आत एकदा वाकून बघितलं. चेहऱ्यावर इतकं सुख होतं की बघवेना. मग मोटार उतारावरून गेली.

मी फाटकापर्यंत धावलो होतो. तिथून परत आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा बुवांवर आवाज चढवला.

काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. म्हटलं, तुमच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर माझं झाड वाचलं असतं. खोटं बोलू नका, पण खरं तरी बोला. म्हटलं, तुम्ही त्याच्या सिमेंटला भ्यालात. म्हटलं, उद्या हे शाळेत जाईल, पोरं फळ्यावर लिहितील, मास्तर चोर. ज्याने झाड मारलं त्याच्या पदरात तुम्ही दुसरं झाड घातलंत. थोरला वड दिलात तेव्हाही हेच केलंत. माझ्यात काय कमी होतं ते तेव्हाही सांगितलं नाहीत, आताही सांगू नका. माझा आवाज शिखरापर्यंत जात होता, पारवे उडून गेले.

बुवा ऐकत होते. मध्ये एकदाही थांब म्हणाले नाहीत.

शेवटी माझ्या घशाला कोरड पडली. मी कठड्यावर बसलो. मोडकी पारंबी अंगणात पडली होती, ती उचलून हातात घेतली. चीक अजून ओला होता.

“मास्तर,” बुवा म्हणाले.

मी पारंबी बोटांत फिरवत राहिलो.

“तुजं झाड तितं जगंल का?”

मला बोलायचं नव्हतं. पण झाडाबद्दल विचारलं की उत्तर येतंच. इतकी वर्षं तेच करतोय.

“तळघरात?” मी म्हणालो. “पंख्याच्या वाऱ्यावर?” मी विचार केला. माझ्या वडाचा जोर मला माहीत आहे. एकदा मी महिनाभर आजारी होतो तेव्हा तो नुसत्या दंवावर राहिला होता. “काढेल. पावसाळ्यापर्यंत तरी सहज काढेल. हट्टी आहे.”

“आन् ह्ये?”

बोडकं खोड मगदूमने पायाने सरकवलं होतं तिथेच होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि बघतच राहिलो. ढोलीच्या खालच्या ओठाशी, सालीच्या घडीत, मोहरीएवढं काहीतरी तांबूस दिसत होतं. कोंब होता की नुसता सालीचा खपला, ते लांबून कळत नव्हतं.

…

तरीही माझा राग गेला नव्हता. आजही गेलेला नाही.

बुवा विहिरीकडे गेले. पोहरा सोडला, पाणी ओढलं. इतके दिवस ज्या झारीला ते कोणाला हात लावू देत नव्हते ती झारी त्यांनी भरली, आणि आणून माझ्या पायांशी ठेवली.

“वरडून झालं असंल तर ऊठ,” ते म्हणाले. “त्येच्या झाडाला पाणी घाल.”